सातबारा दाखवून व्हिसा मिळत नाही

"परदेशात फिरायला पैसे लागत नाहीत रे, इच्छा लागते."

हे वाक्य परवा हापिसाच्या कँटीनमध्ये पुन्हा एकदा कानावर आलं. बोलणारा आमच्याच टीममधला, नुकताच पाठीला सॅक लावून व्हिएतनाम करून आलेला. रात्रीच्या बसने गेलं की हॉटेलचं भाडं वाचतं, हॉस्टेलात डॉर्ममधला बेड घ्यायचा, सुपरमार्केटमधून ब्रेड-अंडी आणायची, असं ते ठरलेलं पुराण चालू होतं. टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डब्यातली गवार चिवडत बसलो. कारण हेच वाक्य, अगदी याच सुरात, मी स्वतः एकदा फेकलेलं आहे आणि ते मला चौदा हजार रुपयांना पडलंय. पैशाचं जाऊ द्या. एका माणसाला तोंड दाखवायची पंचाईत झाली, त्याचं काय?

तर ऐका.

आमचं गाव वडीगोद्री. तालुका अंबड, जिल्हा जालना. धुळे-सोलापूर हायवेने संभाजीनगरहून बीडकडे निघालात की शहागडला गोदावरी लागायच्या आधी येतं. २०२३-२४ मधल्या उपोषणांमुळे टीव्हीवाल्यांना हे नाव पाठ झालं. त्याआधी मी पुण्यात "गेवराईच्या अलीकडे" असं सांगायचो आणि समोरचा काहीही न कळता "हां हां" म्हणायचा. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने या भागात पाणी आणलं, पाण्याने ऊस आणला, आणि उसाच्या बिलावर माझ्यासारखी चार पोरं इंजिनिअरिंगला गेली. असो.

२०२३ च्या मे महिन्यात मी युरोप करून आलो होतो. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. बारा दिवस, विमानासकट एक लाख आठ हजार. त्याचा एक्सेल तक्ता मी कौतुकाने ज्याला त्याला दाखवत सुटलो होतो. दिवाळीला गावी गेलो तेव्हा फाट्यावरच्या टपरीवर तोच प्रयोग लावला. ऐकणारा होता माझा चुलतभाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, गावात सगळे त्याला बापू म्हणतात. दहावीला इंग्रजीत आणि गणितात गेला, मग शेतीच बघायला लागला. साडेचार एकर, विहीर, दोन म्हशी.

"किती लागले म्हनला?"

"लाख आठ हजार."

"तेवढ्यात मोटारसायकल येती."

"बापू, पैशाचं काही नसतं रे. इच्छा पाहिजे."

बापू माझ्या मोबाईलमधले फोटो सरकवत होता. किल्ले-चर्च भराभर गेले. एका फोटोवर थांबला. बसच्या खिडकीतून काढलेला, हलला होता, मी डिलीट करणारच होतो. लांबच लांब हिरवं शेत, आणि काही नाही.

"ह्या वावरात मानूस कामून नाही?"

मला सांगता येईना. बापूने फोन परत दिला, चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "मंग मपली इच्छा हाय. ने मला."

इथून पुढे माझं शिक्षण सुरू झालं.

पहिला धडा पासपोर्टचा. तो आला, पण शिक्क्यासकट. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो (आणि तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसणार, कारण आपल्यावर ही वेळच येत नाही): १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद असते. म्हणजे सौदी, कुवेत, थायलंड, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारची परवानगी काढा. हेतू चांगला होता. आखाती देशांत गवंडी-ड्रायव्हर म्हणून जाणाऱ्यांना एजंट फसवतात, ते थांबवायचं. पण नोंद ज्याच्या त्याच्या पासपोर्टवर बसते, मग तो नोकरीला निघो नाहीतर हिंडायला. या नोंदीतून सुटायच्या वाटाही आहेत. त्यातली एक म्हणजे इन्कम टॅक्स भरत असाल तर. पण शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स माफ आहे. त्यामुळे कायदा पाळणारा, कर चुकवायची गरजच नसणारा शेतकरी या वाटेनेही सुटत नाही. २०१८ च्या जानेवारीत तर अशा लोकांना वेगळ्या, नारिंगी रंगाचा पासपोर्ट द्यायचं सरकारने ठरवलं होतं. आरडाओरडा झाला म्हणून त्याच महिन्यात तो बेत गुंडाळला. नाहीतर बापू दहावी नापास आहे हे विमानतळावर लांबून दिसलं असतं.

दुसरा धडा व्हिसाच्या फायलीचा. तिथे तर मी आडवाच झालो.

माझी फाईल आठवते? तीन सॅलरी स्लिपा, तीन वर्षांचे आयटी रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि कंपनीच्या एचआरचं एक ओळीचं पत्र की हा माणूस रजेवर चाललाय आणि अमुक तारखेला कामावर परत येईल. अर्ध्या तासात जमली. त्यातलं बरंचसं एचआर पोर्टलवरून डाउनलोड केलं.

आता बापूची फाईल. सॅलरी स्लिप नाही. रिटर्न नाही, कारण वर सांगितलं तेच. बँक स्टेटमेंट मागवलं तर सहा महिने रकाना जवळजवळ रिकामा आणि मध्येच एक दिवस उसाचं बिल जमा, एकरकमी. नियम वाचले तर अशी अचानक आलेली मोठी रक्कम संशयास्पद धरतात म्हणे, व्हिसासाठी कुणाकडून तरी उसने आणून टाकले असं वाटतं. अहो, शेतकऱ्याच्या खात्यात पैसे असेच येतात! वर्षातून एकदा-दोनदा, धाडकन. महिन्याच्या महिन्याला ठिबकत येणारा पैसा हे नोकरदाराचं लक्षण आहे, खरेपणाचं नव्हे. आणि रजेचं पत्र? बापूला रजा कोण देणार? म्हशी?

मग मी डोकं लढवलं. म्हटलं, आपण सातबारा लावू. 'मायदेशाशी असलेले संबंध' सिद्ध करा म्हणतात ना, मग साडेचार एकर जमिनीपेक्षा घट्ट संबंध कुठला? सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. भाषांतर करणाऱ्या बाबाने 'पोटखराब' या रकान्याचं 'बॅड स्टमक' करून दिलं. म्हणजे बापूच्या शेताला जुलाब लागलेत असा दाखला घेऊन आम्ही जाणार होतो. ते दुरुस्त केलं. तीस हजार युरोचं विमा कवच असलेली पॉलिसी काढली. तिकिटाचं बुकिंग, हॉस्टेलचं बुकिंग, माझं स्पॉन्सरशिपचं पत्र. २०२४ च्या सप्टेंबरात पुण्याच्या व्हिसा केंद्रात बापूने आयुष्यात पहिल्यांदा दहाही बोटांचे ठसे दिले आणि बाहेर येऊन म्हणाला, "बारा वाजलेत, आता एशटी सापडंन का?" त्या वर्षीच्या जूनपासून शेंगेन व्हिसाची फी ८० युरोची ९० झाली होती. फी आणि केंद्राचा सर्व्हिस चार्ज परत मिळत नाहीत. विमा, भाषांतर, नोटरी, गाडीभाडं असं धरून ते चौदा हजार.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला. आत छापील फॉर्म. त्यावर कारणांची यादी असते आणि लागू पडेल त्या चौकटीत फुली. फुली जिथे होती त्याचा मराठी अर्थ असा: व्हिसाची मुदत संपायच्या आत तुम्ही आमचा देश सोडाल याबद्दल आम्हाला रास्त शंका आहे.

मी हे फोनवर बापूला समजावून सांगितलं. बराच वेळ तो गप्प होता.

"म्हंजी त्यायला वाटलं, मी तिकडंच राहीन?"

"हो."

"अन् म्हशी?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही आणि त्या वकिलातीकडेही नसणार. ज्या माणसाला शेताची लाईट रात्री येते म्हणून दोन वाजता उठून मोटार चालू करावी लागते, जो लग्नाला गेला तरी जेवणाची पंगत उठायच्या आत "दारं धरायचीत" म्हणून गाडीला किक मारतो, जो सलग तीन दिवस गावाबाहेर राहिल्याचं मला आठवत नाही, तो माणूस परत येणार नाही. आणि मी येणार! माझं इथे काय आहे? वाकडला भाड्याचा फ्लॅट, नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड आणि कुठेही चालणारा लॅपटॉप. माझ्या कॉलेजच्या बॅचकडे बघा. 'फक्त सहा महिन्यांसाठी ऑनसाईट' म्हणून गेलेले निम्मे अजून तिकडेच आहेत, घरं घेऊन बसलेत. कायदेशीर आहे सगळं, मी दोष देत नाही. पण परत न येण्याचा दांडगा इतिहास कुणाचा आहे, आपला की बापूचा?

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे, आणि ते कँटीनमधल्या त्या मुलाइतकंच मला स्वतःलाही लागू आहे. स्वस्तात परदेश फिरण्याची जी शेखी आपण मिरवतो ती खोटी आहे. काटकसर खरी असते, ब्रेड-अंडी खरी असतात, पण त्या जोरावर आपण जात नाही. आपण जातो सॅलरी स्लिपच्या जोरावर. एक्सेलच्या तक्त्यात विमान, हॉस्टेल, बस, बिअर सगळं असतं. जिच्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं ती स्लिप मात्र कुठल्याच रकान्यात नसते, कारण ती आपल्याला फुकट मिळाली असं आपण धरून चालतो. बापूकडे पैसे होते, लाखाच्या वरच होते. इच्छा होती. काटकसर तर मी त्याच्याकडून शिकावी. यातलं काहीच पुरलं नाही.

आणि हा एकटा बापू नाही. २०२४ साली भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांवर अर्ज गेले, त्यातले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. जुन्या ८० युरोच्या दराने गुणलं तरी १ कोटी ३२ लाख युरो होतात. न झालेल्या प्रवासाचं भाडं! त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये युरोपियन युनियनने भारतीयांसाठी एक सवलत जाहीर केली. तीन वर्षांत दोनदा शेंगेन व्हिसा घेऊन तो नीट वापरला असेल तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढे वाटले गेले. ज्याला पहिलाच मिळत नाही त्याने काय करायचं? फ्रेशरच्या जागेसाठी दोन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जाहिरातींना आपण किती शिव्या घातल्या होत्या, आठवा जरा.

कुणी म्हणेल, बाबा रे, वकिलातींनाही कारण आहे, लोक जातात आणि राहतात. राहतात ना. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण असल्या आडवाटांवर एजंटांना लाखांनी पैसे मोजावे लागतात. लपून जाणारा माणूस ठसे देऊन, सातबारा जोडून, परतीचं तिकीट दाखवून रांगेत उभा राहत नाही. चाळणी लावा, जरूर लावा, फक्त तिची भोकं पगाराच्या आकाराची कशाला?

पूर्वी असं नव्हतं. म्हणजे पूर्वी पैसे नव्हते, बोटी हळू होत्या, जातीबाहेर टाकायची भीती होती. पण ही विशिष्ट अडचण नव्हती. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी घरातून बाहेर पडले तेव्हा त्यांच्याकडे म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धाचा धर्म शिकायचा म्हणून १९०२ साली काठमांडूला गेले, तिथे निराशा झाली तर त्याच वर्षी श्रीलंका गाठली, पुढे ब्रह्मदेश. मग १९१० मध्ये याच माणसाला हार्वर्डने बोलावून घेतलं. कोलंबोच्या बंदरावर कुणी त्यांना सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं असतं तर पालीचा हा पंडित आपल्याला मिळाला नसता.

स्वातंत्र्यानंतर आपल्याच सरकारने दार ओढून घेतलं होतं. साठ-सत्तरच्या दशकात बाहेर जाणाऱ्याला आठ डॉलर हातावर ठेवत. पासपोर्ट द्यायचा की नाही हे साहेबाच्या मर्जीवर. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने सतवंत सिंग साहनींच्या खटल्यात सांगितलं की परदेशी जाणं हा माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, तेव्हा कुठे त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. आज त्याच देशातून एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. इकडचं दार उघडलं. पलीकडचं दार आपल्या कोर्टाच्या हातात नाही, हे मान्य. पण आपल्या हातात जे आहे तेही आपण करत नाही. ईसीआरची नोंद हिंडायला जाणाऱ्याच्या पासपोर्टवर कशाला पाहिजे, हा प्रश्न विचारायला वकिलात लागत नाही.

बापूचं परदेशगमन मात्र झालं. २०२५ च्या मार्चमध्ये, ऊस तुटून गेल्यावर, त्याच्या मेव्हण्याला म्हशींवर बसवून (म्हणजे राखणीला) आम्ही दोघं नेपाळला गेलो. १९५० च्या करारामुळे नेपाळला जायला आपल्याला व्हिसा नाही. जमिनीवरून गेलं तर पासपोर्टही नको, मतदान कार्ड पुरतं. मनमाडहून काशी एक्सप्रेस, स्लीपर. वहिनीने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे एवढे दिले होते की इटारसीपर्यंत आम्ही अख्ख्या कूपेला वाढत होतो. गोरखपूरहून बसने सुनौली. शंभराच्या वरच्या भारतीय नोटांना तिकडे २०१८ पासून बंदी होती, म्हणून बापूने शंभराच्या नोटांचं बंडल बंडीच्या आतल्या खिशात शिवून आणलं होतं. सीमेवर कमान आहे. कमानीखालून माणसं, सायकली, कांद्याची पोती, सगळं जातं-येतं. बापू कमानीच्या पलीकडे दहा पावलं गेला, थांबला, मागे वळून बघितलं.

"झालं?"

"झालं."

"कुनी काहीच इचारलं नाही की."

मला खरंच वाईट वाटलं, हसूही आलं. लुंबिनीत आम्ही कोरियन विहारात उतरलो. जेवणासकट राहायला अगदी किरकोळ पैसे. मला तिथल्या गाद्या कडक वाटल्या. बापू म्हणाला, पंढरपूरच्या धर्मशाळेपेक्षा झकास आहे. रांगेत बसून जेवला, ताट घासून जागेवर ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या एका कोरियन भिक्षूबरोबर भाजीच्या वाफ्याला पाणी देताना दिसला. भाषा? दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. बस कुठून सुटते, स्वस्त जेवण कुठल्या बोळात आहे, हे तो एखाद्या माणसाच्या नुसत्या चालण्यावरून ओळखायचा. मी फोनमध्ये ॲप उघडेपर्यंत आमची जागा धरून झालेली असायची. पोखरा धरून अकरा दिवस, दोघांचे मिळून एकोणीस हजार चारशे. माझ्या एक्सेलच्या तोंडात मारणारा आकडा. आणि मी त्याला 'बजेट ट्रॅव्हल' शिकवायला निघालो होतो!

आता तुमच्यासाठी, म्हणजे जे तिकडे आहेत त्यांच्यासाठी एक टोचणारी गोष्ट. निमंत्रणाचं पत्र देणं तुमच्या हातात आहे. त्याने व्हिसा मिळेलच असं नाही, पण फाईल जड होते. आजवर ते पत्र तुम्ही कुणाला दिलंत? आईवडलांना, आणि तेसुद्धा बरोबर डिलिव्हरीच्या तारखेला. सहा महिने बाळ सांभाळून ती माणसं परत येतात आणि तिकडचं काय पाहिलं विचारलं तर किचनचा ओटा किती मोठा होता ते सांगतात. एकदा नुसतं हिंडायला बोलवा की. चुलत्याला, मामाला, शाळेत बाकावर शेजारी बसणाऱ्याला. जो दहावी नापास झाला त्याला आधी.

मी पुन्हा अर्ज करतोय. या वेळी तिकडच्या एका मित्राचं निमंत्रण आहे, बापूचं वर्षभराचं स्टेटमेंट आहे आणि माझ्या सांगण्यावरून त्याने शून्य कराचं का होईना, रिटर्न भरलंय. ईसीआरची नोंद तशीच आहे. बाजूला कारखान्याच्या बिलांच्या पावत्या, पानभर खुलाशासह. 'पोटखराब' या वेळी मीच भाषांतरित केलं. महिनाभर रोज रात्री साइट रिफ्रेश करून परवा अपॉइंटमेंट मिळाली, ती बुधवारची. उड्या मारत बापूला फोन केला.

"बुधवारी जमत नाही," तो म्हणाला. "कालव्याची पाळी हाय. तारीख बदल."